घरातले गाळणे : त्याची करामत आणि मर्यादा

पावसाळ्याचे दिवस आहेत. नळाला दोन दिवसांपासून गढूळ पाणी येत आहे. सासूबाई माजघरातून विचारतात, “सूनबाई, पिण्याचं पाणी उकळलंस ना?” सून स्वयंपाकघरातून उत्तर देते, “हो आई, चांगलं उकळलं, गार केलं आणि मग फडक्यातून गाळून माठात भरलं.” सासूबाईंचे समाधान होते आणि दोघीही आपापल्या कामाला लागतात.

असा संवाद आपल्या देशात कितीतरी घरांत, निरनिराळ्या भाषांतून होत असेल. सुनेने कष्टांत काही कसूर केलेली नाही आणि तिचा हेतूही उत्तम आहे. तरीसुद्धा तिच्या उत्तरात एक लहानशी चूक दडलेली आहे. ती ओळखावयाची तर आधी एका अगदी साध्या वस्तूची नीट ओळख करून घ्यावी लागेल. ती वस्तू म्हणजे खिळ्याला अडकवलेले गाळणे, आणि त्याच्या सोबतीला फळीवर पालथे घातलेले नरसाळे.

घरोघरची गाळणी

या जोडीवाचून ज्याचा दिवस सुरू होतो असे घर सापडणे कठीण. सकाळचा चहा गाळण्यातून उतरतो. तूप कढविल्यावर बेरी मागे ठेवून ते बरणीत जाते. चिंचेचा कोळ, आमसुलांचे आगळ, काढे, सरबते, पाक या सर्वांना गाळण्याची गरज लागते. कोकणातील गृहिणी खवलेला नारळ वाटून त्याचे दूध पिळून घेते, तेव्हा चोथा राहतो तो फडक्यातच. दही टांगून चक्का करावयाचा असो किंवा बंगाली पद्धतीने दूध नासवून छेना काढावयाचा असो, काम एकाच तत्त्वावर चालते. फरक इतकाच, की येथे आपल्याला हवे असते ते वर राहिलेले, आणि चहाच्या वेळी हवे असते ते खाली उतरलेले.

दक्षिणेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरी कॉफीचे एकावर एक बसणारे पितळी किंवा पोलादी भांडे असते. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोके. त्यात कॉफीची पूड दाबून वर उकळते पाणी ओतले, की थेंबाथेंबाने अर्क खालच्या भांड्यात उतरतो. गाळणे आणि नरसाळे या दोघांचे काम एकाच भांड्याने करावे, याचे इतके सुबक उदाहरण दुसरे क्वचितच असेल. हल्ली बाजारात ज्याच्या तोंडात जाळीची चकती बसविता येते असे पोलादी नरसाळे मिळते, तेही याच कुळातले.

गाळण्याचा हा संस्कार आपल्या भाषेतही मुरला आहे. अतिशय बारीक चूर्णाला आपण ‘वस्त्रगाळ’ म्हणतो. पाणी वस्त्राने गाळून प्यावे, असा संन्याशासाठी नियम मनुस्मृतीत आहे. जैन कुटुंबांत तर पाणी गाळणे हा नित्याचार आहे, आणि फडक्यावर अडकलेले सूक्ष्म जीव ज्या जलाशयातून पाणी आणले तेथेच अलगद परत सोडण्याची रीतही आहे. या आचारामागे मुख्य भाव होता तो जीवदयेचा. रोगजंतूंचे ज्ञान माणसाला होण्याच्या कितीतरी आधीपासून हे चालत आलेले आहे.

गाळण्याला काय कळते?

मग गाळणे नेमके करते काय? याचे उत्तर एका वाक्यात देता येईल. गाळण्याला फक्त आकार कळतो. पदार्थ चांगला की वाईट, पौष्टिक की विषारी, हे त्याला ठाऊक नसते. भोकापेक्षा मोठे असेल ते वर राहते. भोकापेक्षा लहान असेल ते खाली जाते. सर्व करामत आणि सर्व मर्यादा या एका नियमात सामावलेली आहे.

म्हणून कोणते गाळणे कशासाठी, हे ठरविताना मापाची थोडीशी कल्पना असावी. एका मिलिमीटरचे हजार समान भाग केले तर त्यातील एका भागाला मायक्रॉन म्हणतात. माणसाचा केस साधारणपणे सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. सुमारे शंभर मायक्रॉनांहून बारीक कण नुसत्या डोळ्यांना वेगळा दिसणे अवघडच. अनेक वेळा धुतलेल्या जुन्या सुती साडीची घडी घातली, तर सुमारे वीस मायक्रॉनांपर्यंतचे कण त्यावर अडकतात. पटकीचा जंतू मात्र एक-दोन मायक्रॉनांच्याच लांबीचा. त्या फडक्यातील छिद्र म्हणजे वीस हात रुंदीची वेस मानली, तर हा जंतू हात-दोन हातांचे लहान मूल ठरेल. त्याला कोण अडविणार? विषाणू तर त्याहूनही कितीतरी पटींनी लहान.

हे आकडे वाचून कोणास वाटेल, की मग फडक्याने पाणी गाळण्यात अर्थच नाही. परंतु तसे म्हणणे घाईचे ठरेल. कारण याच साध्या फडक्याने आपल्या देशातून एक भयंकर रोग हद्दपार करण्यास मोठा हातभार लावला आहे.

नारूची हकीगत

आजच्या तरुण वाचकांना ‘नारू’ हा शब्द कदाचित केवळ वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून ठाऊक असेल. ज्यांनी तो पाहिला, त्यांच्या अंगावर मात्र त्या नावाने अजूनही काटा उभा राहतो. पायाला फोड यावा, आगीसारखी जळजळ व्हावी, फोड फुटावा आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखे जंताचे टोक बाहेर यावे! हा जंत सुमारे पाऊण ते एक मीटर लांबीचा. तो ओढून काढावा तर मध्येच तुटण्याचे भय, आणि तुटला तर जखम चिघळण्याची खात्री. म्हणून तो काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढीत. यात कित्येक दिवस, कधी आठवडेही जात. रोगी बहुधा अंथरुणाला खिळलेला. पेरणीचा किंवा सुगीचा हंगाम असला तर साऱ्या घराचे वर्ष बुडे.

या रोगावर लस नव्हती आणि आजही नाही. शरीरातील जंत मारील असे औषधही नाही. मग तो हटला कसा? त्याच्या जीवनक्रमातील एक कच्चा दुवा माणसाच्या हाती लागला, म्हणून.

नारूची अळी पाण्यात स्वतंत्रपणे फार काळ तग धरीत नाही. सायक्लॉप्स नावाचा एक कवचधारी सूक्ष्म जलजीव असतो. तो या अळीला गिळतो आणि तिला आपल्या पोटात वाढवितो. माणूस विहिरीचे किंवा तळ्याचे पाणी पितो तेव्हा हा सायक्लॉप्सही पोटात जातो. तेथे तो पचतो, पण अळी मोकळी होते व आतड्याच्या भिंतीतून आरपार निघून शरीरात शिरते. सुमारे एक वर्षाने पूर्ण वाढलेली मादी बहुधा पायाच्या कातडीशी येते. जळजळ शमविण्यासाठी रोगी पायविहिरीत पाय बुडवितो आणि त्याच क्षणी मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते. चक्र पुन्हा सुरू होते. पाणी पिणारा आणि पाणी दूषित करणारा माणूस एकच. गुन्हा मात्र कोणाचाच नाही, कारण वर्षापूर्वी प्यालेल्या पाण्याचा आजच्या फोडाशी संबंध कोणाच्या ध्यानात यावा?

आता कच्चा दुवा पाहा. अळी अतिशय सूक्ष्म. परंतु तिला वाहून नेणारा सायक्लॉप्स साधारणपणे एक मिलिमीटरच्या आसपासचा. दाट विणीच्या फडक्यातून तो जाऊ शकत नाही. शंभर मायक्रॉन छिद्रांचे नायलॉनचे कापडही त्याला पुरते. म्हणजे प्रत्येक घरी, प्रत्येक वेळी पिण्याचे पाणी नीट गाळले, तर रोग माणसाच्या शरीरात शिरूच शकत नाही. गाळण्याला केवळ आकार कळतो, हे आपण वर पाहिले. येथे तेवढेच कळणे पुरेसे होते.

भारत सरकारने १९८३-८४ साली नारू-निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा आंध्र प्रदेश, कर्नाटक, गुजरात, तमिळनाडू, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि राजस्थान या सात राज्यांत मिळून वर्षाला सुमारे ४० हजार रोगी आढळत होते. आरोग्यसेवक गावोगाव हिंडून रोगी शोधीत. ज्याच्या पायाला फोड आहे त्याने पाण्यात उतरू नये, म्हणून घरच्यांना समजावीत. पायविहिरींना कठडे बांधून त्यांचे आडांत रूपांतर करण्यात आले, हातपंप बसले, सायक्लॉप्स मारणारे औषध पाण्यात टाकण्यात आले. आणि या सर्वांच्या जोडीने घरोघर एकच निरोप गेला, की घागरीच्या तोंडाला फडके बांधा आणि पाणी गाळूनच भरा.

जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात देशातील शेवटच्या रोग्याची नोंद झाली. पुढे काही वर्षे कडक पाहणी झाल्यावर फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. जगाचा विचार केला, तर १९८६ साली या रोगाचे सुमारे ३५ लाख रोगी असावेत असा अंदाज होता; २०२१ ते २०२४ या काळात वर्षाला वीसहून कमी माणसांना तो झाल्याची नोंद आहे. आफ्रिकेतील काही देशांत शेतावर जाणाऱ्यांना आणि गुराख्यांना गळ्यात अडकविण्याची एक नळी देण्यात आली, जिच्या टोकाशी बारीक जाळी असते. वाटेत तहान लागली तर त्या नळीने पाणी ओढून प्यावयाचे. गाळणे घरी खिळ्याला आणि माणूस तळ्याकाठी, ही अडचण अशा रीतीने सुटली.

या यशातून गृहिणीने घेण्यासारखा एक धडा आहे. पाणी गाळण्याची रीत कित्येक गावांत पूर्वीही होती. तरी नारू होताच. कारण फडके कधी विरलेले असे, कधी सैल बांधलेले. आणि घरी गाळलेले पाणी पिणारा माणूस रानात ओंजळीने तसेच पाणी पिई. गाळणे उपयोगी पडते ते नियमाने वापरले तरच. दहा वेळा गाळून अकराव्या वेळी न गाळलेला एक पेला रोगाला पुरेसा होता.

जुन्या साडीचा पदर

दुसरी हकीगत शेजारच्या बांगलादेशातील आहे. तेथे मतलब नावाच्या भागात नद्या, कालवे आणि तळी यांचेच पाणी अनेक कुटुंबे वापरीत. पटकीची साथ तेथे वारंवार येई. आपण आताच पाहिले, की पटकीचा जंतू साडीच्या फडक्यातून सहज निसटतो. परंतु रिटा कोलवेल, अन्वर हक आणि त्यांचे सहकारी यांनी एक गोष्ट हेरली होती. पाण्यातील हे जंतू सुटे असतात त्याचप्रमाणे बारीक जलजीवांच्या अंगालाही मोठ्या संख्येने चिकटलेले असतात. जंतू निसटला तरी त्याचे वाहन फडक्यावर अडकू शकते.

त्यांनी ६५ खेड्यांतील सुमारे १ लाख ३३ हजार लोकवस्तीत सप्टेंबर १९९९ ते जुलै २००२ या काळात प्रयोग केला. काही गावांतील स्त्रियांना जुन्या सुती साडीची अनेक पदरी घडी घागरीच्या तोंडावर घालून पाणी भरण्यास शिकविले. काहींना नायलॉनचे कापड दिले. काही गावांत नेहमीचीच पद्धत चालू ठेवली. जेथे पाणी गाळले गेले तेथे पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. गंमत अशी, की नव्या साडीपेक्षा जुनी साडीच अधिक गुणकारी ठरली. वारंवार धुतल्याने सुताचे तंतू सुटून फुलतात आणि विणीतील छिद्रे बुजत जातात. जी साडी आता नेसण्याजोगी राहिली नाही, तीच पाण्याची राखण करण्यास अधिक लायक!

परंतु हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचला पाहिजे. ४८ टक्के घट म्हणजे जवळजवळ निम्मे संकट टळले. पण निम्म्याहून थोडे अधिक शिल्लक राहिलेच. ज्या कुटुंबाला जळणही परवडत नाही त्याच्या दृष्टीने ही घट अमोल आहे. ज्या घरी चूल किंवा शेगडी हाताशी आहे त्या घराने मात्र तेवढ्यावर समाधान मानू नये.

गाळण्याच्या पलीकडचे

गाळण्याच्या हाताबाहेरच्या गोष्टी तीन प्रकारच्या आहेत, आणि त्या प्रत्येक घराने ओळखून असाव्यात.

पहिली म्हणजे सुटे जंतू आणि विषाणू. विषमज्वर, हगवण, कावीळ यांचे कारण होणारे जीव फडक्याला जुमानत नाहीत. पाणी काचेच्या पेल्यात स्वच्छ दिसले, म्हणजे ते निर्जंतुक झाले असे नव्हे. चिनी मातीच्या दाट कांडीचे गाळणयंत्र बहुतेक जंतू अडविते, परंतु त्याहून सूक्ष्म विषाणूंची हमी त्यालाही देता येत नाही. येथे उकळणे हाच घरगुती आणि खात्रीचा उपाय. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर ते निदान एक मिनिट तसेच उकळू द्यावे. समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटरहून उंच डोंगराळ भागात राहणाऱ्यांनी तीन मिनिटे उकळावे, कारण तेथे पाणी कमी उष्णतेवर उकळते.

दुसरी गोष्ट विरघळलेल्या पदार्थांची. पेल्यात मीठ विरघळवून ते पाणी कितीही तलम वस्त्रातून गाळले, तरी खारटपणा तसाच राहतो. हा प्रयोग मुलांना जरूर करून दाखवावा. बंगालच्या काही भागांतील विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक हा विषारी पदार्थ असतो. राजस्थान, आंध्र, तेलंगण आदी प्रदेशांत कित्येक ठिकाणी फ्लोराइडचे प्रमाण अधिक असते व त्याने दात आणि हाडे बिघडतात. हे पदार्थ गाळूनही जात नाहीत आणि उकळूनही जात नाहीत. पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण उलट किंचित वाढतेच. फ्लोराइड कमी करण्यासाठी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना यांचा उपयोग करणारी ‘नलगोंडा पद्धत’ विकसित केली, ती याचसाठी. अशा भागात राहणाऱ्यांनी पाण्याची तपासणी करून घेणे हाच मार्ग होय.

तिसरी गोष्ट तळणीच्या तेलाची. सणावारी चकल्या, करंज्या झाल्या, की कढईत उरलेले तेल गाळून ठेवण्याची चाल बहुतेक घरांत आहे. गाळल्याने पिठाचे जळके कण निघून जातात हे खरेच, आणि ते काढलेच पाहिजेत, नाही तर पुढील तळणीत ते आणखी करपतात. परंतु वारंवार तापविल्याने तेलातच जे अपायकारक घटक तयार होतात, ते तेलात मिसळून गेलेले असतात. गाळण्याच्या जाळीला त्यांचा पत्ताही लागत नाही. अशा घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल वापरू नये, असा नियम भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला आहे. घरी हे मोजता येत नाही. पण तेल काळवंडले, दाट झाले, त्यावर फेस टिकू लागला किंवा ते लवकर धुरावू लागले, म्हणजे त्याचा मोह सोडावा. गाळून उजळ दिसणारे तेल नवे होत नाही.

नरसाळे आणि गाळणे वापरताना

आता थोडे व्यवहाराकडे वळू. नरसाळ्याने बाटली भरताना कधी कधी द्रव मध्येच अडतो आणि मग अचानक भसकन खाली जाऊन उसळतो. यात नरसाळ्याचा दोष नसतो. बाटली रिकामी दिसली तरी ती हवेने भरलेली असते. द्रव आत जावयाचा तर तेवढी हवा बाहेर निघाली पाहिजे. नरसाळे तोंडाशी घट्ट बसले, की हवेची वाट बंद होते. ते किंचित उचलून धरावे किंवा नरसाळे आणि बाटलीचे तोंड यांमध्ये एक स्वच्छ काडी ठेवावी. प्रवाह संथपणे चालू राहतो.

गाळताना घाई करू नये. प्रथम द्रव थोडा वेळ स्थिर ठेवून निवळू द्यावा. मग वरचा भाग सावकाश ओतावा. तळाचा साका शेवटी. आधी मोठ्या भोकांचे गाळणे आणि मग बारीक जाळी किंवा फडके, हा क्रम पाळावा. एकदम बारीक जाळीवर गढूळ द्रव ओतला तर ती लगेच बुजते, आणि मग चमच्याने घासण्याचा मोह होतो. नितळ अर्क हवा असेल तर चोथा दाबू नये. दाबल्याने बारीक गाळ खाली उतरतो. नारळाच्या दुधासारख्या पदार्थात मात्र पिळणे आवश्यकच असते. पाण्यासाठी फडके आधी भिजवून घ्यावे. तेलातुपासाठी ते पूर्ण कोरडे असावे, कारण ओल तेलात गेली तर ते पुढे तापविताना तडतडते.

आंबट पदार्थांसाठी पोलादी नरसाळे आणि गाळणे उत्तम. कल्हई उडालेल्या पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यातून चिंचेचा कोळ, लिंबाचा रस यांसारखे पदार्थ गाळू नयेत.

काम झाल्यावर गाळणे पालथे धरून मागील बाजूने पाण्याची धार सोडावी, म्हणजे छिद्रांत अडकलेले कण ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत जातात. फडके साबणाने धुऊन, मधून मधून उकळून, उन्हात कडक वाळवावे. नळाच्या तोंडाला महिनोन् महिने बांधून ठेवलेले ओले फडके हे गाळणे नव्हे. ते जंतूंचे वसतिस्थान होय. त्याचप्रमाणे पिण्याच्या पाण्याचे फडके भांडी पुसण्यास वापरू नये आणि विरलेले फडके वेळीच टाकून द्यावे.

एक सूचना मात्र विशेष आग्रहाने करावीशी वाटते. फिनेल, कीटकनाशक, रॉकेल यांसाठी वापरलेले नरसाळे स्वयंपाकघरात पुन्हा कधीही आणू नये. त्याला रंगाची ठळक खूण करून ते मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे. असले द्रव सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवणे म्हणजे घरात संकट वाढून ठेवणेच होय. लहान मुलाला बाटलीची ओळख असते, आतील द्रवाची नसते.

सूनबाईंची चूक

एवढे वाचल्यावर आरंभीच्या संवादातील चूक वाचकांच्या ध्यानात आली असेलच. सुनेने पाणी उकळले, गार केले आणि मग गाळले. उकळल्याने जंतू मेले होते. नंतर ते पाणी फडक्यातून आणि कदाचित न धुतलेल्या हातांतून गेले, आणि जे मोठ्या कष्टाने घालविले होते ते पुन्हा आत येण्यास वाट मिळाली. फडके डोळ्यांना स्वच्छ दिसत असेल. पण डोळ्यांची नजर कोठपर्यंत पोहोचते ते आपण पाहिलेच आहे.

म्हणून क्रम असा असावा. गढूळ पाणी आधी निवळू द्यावे. हवी तर तुरटी फिरवावी. मग ते स्वच्छ, अनेक पदरी फडक्यातून गाळावे. त्यानंतर उकळावे आणि त्याच भांड्यात झाकण ठेवून गार होऊ द्यावे. दुसऱ्या भांड्यात भरणे भाग असेल, तर ते भांडे उकळत्या पाण्याने विसळून घ्यावे. पाणी काढण्यासाठी लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. पेला बुडवू नये. जेथे उकळणे शक्य नाही तेथे क्लोरीनचे द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. येथेही आधी गाळणे हिताचे, कारण पाण्यातील गाळ आणि कचरा औषधाची शक्ती खाऊन टाकतात.

घरोघर नळ पोहोचविण्यासाठी १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा ग्रामीण भागातील ३ कोटी २३ लाख घरी नळजोडणी होती. २०२४ च्या अखेरीस ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली. ही वाटचाल फार मोठी आहे. तरी नळापासून मुलाच्या ओठांपर्यंतचे जे शेवटचे काही हात अंतर उरते, ते घरातील माणसांनीच राखावयाचे असते. नारूचा पाडाव याच शेवटच्या अंतरावर, घागरीच्या तोंडाशी झाला.

तेव्हा उद्या सकाळी चहा गाळताना त्या गाळण्याकडे एकदा नीट पाहावे. ते विरले असेल तर बदलावे, मळले असेल तर घासावे. आणि सासूबाईंनी पुन्हा विचारले, तर उत्तर द्यावे, “हो आई, आधी गाळलं, मग उकळलं, आणि झाकून ठेवलंय.”